नरसूची लाल गिटार आणि तीन नंबरचा माग

मागाखाली कापसाचा भुसा साचतो ना, तसे किस्से साचतात. कुणी मुद्दाम गोळा करत नाही. वर दिवसभर खटखट चालू असते, खाली आपोआप थर चढतो, आणि एक दिवस कुणीतरी झाडू घातला की नाकातोंडात जातो!

परवा एका लग्नात स्टेजवर गिटार वाजवणारं पोरगं दिसलं. मी जवळ जाऊन विचारलं, "हिला कधी खोलून बघितलीस का रे?" पोरगं घाबरलं आणि गिटार पाठीमागं लपवून उभं राहिलं. म्हटलं, बसला झाडू!

तर सत्तर सालानंतरची ती वर्षं. सोलापुरात, पूर्व भागात, माझं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. शिक्षण म्हणाल तर सातवी, तीही दोनदा बसून. पण यंत्रमागाची जळालेली मोटर सकाळी आणा, संध्याकाळी गरगर फिरवून देणार! दुपारी दुकानात आम्ही चौघं जमायचो. एक मी, बाबू. दुसरा नरसय्या, म्हणजे आमचा नरसू. घरचे चार माग, चादरी विणायचे, घरात तेलुगू बोलायचे. तिसरा रफिक, लाउडस्पीकर भाड्यानं देणारा. चौथे शिवलिंगप्पा, आमच्या ऑर्केस्ट्रा पार्टीचे मालक, मॅनेजर आणि निवेदक. मूळचे दुधनीचे, त्यामुळं खूश झाले की मराठी, भडकले की कानडी.

मी पार्टीत खुळखुळा वाजवायचो. त्यात बिघडण्यासारखं काही नसतं म्हणून मला तोच दिला होता.

* * *

रेल्वे कॉलनीत पीटर अंकल नावाचे गार्ड होते. नरसू त्यांच्याकडं गिटार शिकायला जायचा. ते रिटायर होऊन मुलीकडं परदेशी निघाले, तेव्हा आपली लाल गिटार त्यांनी नरसूला देऊन टाकली. बदल्यात मागितल्या दोन चादरी. म्हणाले, "उधर थंडी बहुत होती."

आता ही गिटार कशी, ते सांगतो, म्हणजे पुढं आम्ही तिचं काय केलं ते कळेल. अमेरिकन माल. पोटाला भोक नाही! सबंध लाकडाची, वजनाला वरवंटा. तारांच्या खाली तीन पट्ट्या, त्यांना पिकअप म्हणतात. तारेची थरथर तिथं विजेत उतरते आणि वायरीतून अँप्लिफायरमध्ये जाते. कुठली पट्टी बोलवायची, त्याला एक खटका. खाली एक हँडल. ते दाबलं की सूर लचकतो आणि सोडलं की परत जागेवर येतो. त्यासाठी पाठीत पाच स्प्रिंगा. आणि मागं एका पत्र्यावर नंबर कोरलेला.

पीटर अंकलनी जाताना नरसूला दोन गोष्टी बजावल्या. "डेली पोंछनेका. और इसको कभी खोलनेका नै."

पुसायचं काम नरसूनं इमानानं केलं. दुसरी गोष्ट माझ्या कानावर आली नव्हती, असं मी आजही शपथेवर सांगतो. आठव्या दिवशी सगळे स्क्रू माझ्या बाकड्यावर होते. परत जोडली तर दोन स्क्रू उरले. नरसू रडायच्या बेतात!

म्हटलं, "अरे येड्या, अमेरिकावाले दोन जादाच देतात!"

बिचाऱ्यानं ते दोन स्क्रू जपून घरी नेले.

* * *

नरसूच्या वडलांना सगळे नायना म्हणायचे. तेलुगूत वडलांना तसंच म्हणतात. चाळीस वर्षं मागावर काढलेली. मागांच्या खटखटाटात जुन्या विणकरांचे कान उतरतात. नायनांचे तर जवळजवळ गेलेलेच होते. समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखायचे. कारखान्यात तसं कुणालाच कान लागत नाहीत म्हणा. तिथं सगळे हातवाऱ्यांनी बोलतात. शिव्यासुद्धा!

गिटार घरी आली तेव्हा नायनांनी तिच्या पाठीवर बोटानं ठोकून बघितलं.

"एमिरा नरस्या, हिचं भोक कुटं हाय?"

"नसतंय नायना. ही विजेवर वाजते."

"मंग ह्यो पाट हाय. लाल रंग दिलेला पाट. आईला दे, पंगतीला कामाला येईल."

पण नरसूचा जीव त्या पाटात अडकलेला. त्याला मागावर बसायचं नव्हतं, गिटार वाजवायची होती, आणि हे त्यानं पहिल्यांदाच तोंडानं सांगितलं. त्याची आई, अम्मा, चरखा थांबवून बघत राहिली. नायनांनी त्याच्या ओठांकडं नीट बघितलं आणि एक अट घातली.

"गड्ड्याची जत्रा येईपत्तर तुला मोकळीक. तवर हिचा आवाज मला ऐकू आला, तर जल्मभर वाजव, मी आडवा येणार न्हाय. न्हाय आला, तर हिला इकायचं आन् मागावर बसायचं."

कान गेलेल्या माणसाला ऐकू आलं पाहिजे! आणि आमचा शहाणा म्हणतो, "चालंल."

मी बाहेर येऊन त्याला म्हटलं, "लेका, त्यापरीस सिद्धेश्वराचं तळं तांब्यानं उपसतो म्हणायचं होतंस की!"

तेव्हा उन्हाळा होता. गड्डा संक्रांतीला. हातात आठ महिने होते.

* * *

गिटारीची मधली पट्टी मेली. कशानं मेली ह्यावर मतभेद आहेत. काही लोक माझ्या स्क्रू-ड्रायव्हरचं नाव घेतात, पण ते लोक चांगले नाहीत.

त्या पट्टीच्या आत केसापेक्षा बारीक तारेचे हजारो वेढे असतात. रफिकनं एका मेलेल्या रेडिओतून तसली तार काढून दिली. मी नरसूच्या घरी बसलो गुंडाळायला. माझे हात मोटरीच्या जाड तारेचे. तीनदा तुटली. चौथ्यांदा माझ्या तोंडून एक शब्द गेला, तो अम्मानं ऐकला. ती कायम दारात चरख्यावर कांड्या भरत बसलेली असायची. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात घालायची सुताची छोटी नळी. दिवसाला किती भरायची त्याला गणती नाही.

"आण हिकडं ते. तोंड चालतंय तुझं, हात चालत न्हाय."

तिनं ती पट्टी चरख्याच्या चातीवर बसवली आणि लागली की भरायला! एक डोळा चुलीवर, तोंडानं शेजारणीशी भांडण, आणि तार बोटांतून अशी चाललीय जशी तुपातून. एकदा तुटली नाही!

"किती येढे घालू?"

"पयले होते तेवढंच घाल, अम्मा."

"पयले किती होते?"

आता ते कुणी मोजले होते?

अम्मा म्हणाली, "मंग भरूनच टाकते. अर्धी कांडी मी आजपत्तर कुणाला दिली न्हाय."

पट्टी दुकानात नेऊन बसवली आणि नरसूनं तार छेडली. दुकानातली मांजर माळ्यावर गेली! बाकीच्या दोन पट्ट्यांपेक्षा अम्माची पट्टी दुप्पट ओरडत होती. रफिक कपाळाला हात लावून म्हणाला, "हौ रे! अम्मीका हात लगा ना, अब ये किसीकी नै सुनती!"

मग बाकीच्या दोन्ही पण तिच्याकडून भरून घेतल्या. नंतर कुठलाही कार्यक्रम करून आलो की अम्मा दारातच विचारायची, "माझ्या कांड्या कशा बोलल्या?"

* * *

एवढा आवाज वाढल्यावर आम्हाला वाटलं, आता नायनांचं काम फत्ते. रफिकनं आपले चार भोंगे आणून भर दुपारी कारखान्यात बांधले. चारी माग चालू. नायना पाठमोरे, तुटलेला धागा जोडण्यात गुंग. मी खूण केली आणि नरसूनं सुरुवात केली.

काय सांगू! शेजारचे तीन कारखाने बंद पडले. लोक रस्त्यावर आले. कोपऱ्यावरच्या टांग्याचा घोडा दोन पाहुण्यांना घेऊन स्टेशनाकडं सुटला, आणि त्यांना तर नुकतंच स्टेशनावरून आणलं होतं! छपराच्या पत्र्यावरून कबुतरं उडाली. शिवलिंगप्पा कान दाबून "अय्ययो, येन माडोदु!" करत चादरींच्या गठ्ठ्यामागं बसले.

नरसूनं अख्खं गाणं वाजवलं. घामाघूम झाला. रफिकनं बटण बंद केलं.

नायनांनी धाग्याला गाठ मारली, सावकाश वळले, आम्हा सगळ्यांकडं बघितलं आणि म्हणाले, "मंग? कवा सुरू करणार?"

* * *

शिवलिंगप्पांच्या गावी, दुधनीला, कार्यक्रम ठरला. गावची मंडळी पुढं बसलेली, अप्पांचे सासरेसुद्धा. त्यामुळं अप्पा नवीन कोट घालून आलेले, छाती पुढं. निवेदन करायला माइकजवळ गेले, प्रेमानं एक हात नरसूच्या गिटारीच्या तारांवर ठेवला आणि म्हणाले, "रसिकहो..."

पुढचा शब्द कानडी होता. तो मी लिहीत नाही.

गिटारीतून वीज निघाली ती अप्पांच्या हातातून ओठांमार्गे माइकमध्ये! अप्पा दोन हात मागं उडाले. पब्लिकला वाटलं कार्यक्रमातलंच आहे, टाळ्या पडल्या. सासरे तर उभे राहिले.

रफिक म्हणाला वायरिंगचा दोष आहे, मी म्हटलं रफिकचा दोष आहे. त्यात वेळ चालला. शेवटी मी उपाय काढला. लाकडातून वीज जात नाही. देवळाच्या पंगतीतला एक पाट मागवला, वर रबरी चटई टाकली आणि नरसूला त्यावर उभं केलं. वर सांगितलं, "हलू नको. अप्पा, तुमी ह्याला शिवू नका."

नरसू पाटावर. गळ्यात गिटार, कार्यक्रम म्हणून अम्मानं लावलेला कपाळाला गंध, नवा शर्ट. आजूबाजूला भोंगे.

पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "पोरगं गोड हाय की गं. नवरी कवा येणार?"

* * *

आता हे बार्शीचं. हे मी आजपर्यंत कबूल केलं नव्हतं.

बार्शी म्हणजे धान्याची पेठ. कार्यक्रम संध्याकाळी, मैदानात, पुढच्या सगळ्या खुर्च्यांवर अडतवाले. नरसू आठवडाभर एक सोलो बसवत होता. सोलो, सोलो, सोलो! डोकं खाल्लं होतं. त्याची गंमत करायची म्हणून मी अँप्लिफायरच्या खोक्यात एक छोटा ट्रान्झिस्टर लपवला आणि त्याची वायर आत जोडून ठेवली. बाहेरून बटण दाबलं की रेडिओ चालू.

नरसूनं डोळे मिटून सोलो सुरू केला. मी बटण दाबलं. भोंग्यातून खणखणीत आवाज आला, "आता ऐकू या बाजारभाव."

मला वाटलं लोक हसतील. हसतायत कसले! अख्खं मैदान चिडीचूप. अडतवाले खुर्चीत पुढं सरकून बसले. कुणी खिशातून पेन्सिल काढली. नरसूला काही समजेना, तो आपला वाजवतोय, जोरात वाजवतोय. तेवढ्यात टोपीवाले एक शेठ उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले,

"ओ गिटारवाले, जरा दम धरा की! तूर ऱ्हायलीय अजून!"

तूर झाली, हरभरा झाला, करडई झाली, मग सोलो झाला. पण कार्यक्रम संपल्यावर शेठनी अप्पांना बाजूला घेतलं. "पार्टी चांगली हाय तुमची. गाणी कमी करा."

मी कबूल केलं नाही तरी नरसूनं ओळखलं आणि चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी दुकानात आला आणि म्हणाला, "हँडलाची स्प्रिंग सैल झालीय. बघतोस?" म्हणजे माफी झाली!

* * *

ती स्प्रिंग हाच पुढचा घोटाळा. सोलापुरात गिटारीची स्प्रिंग कुठं मिळणार? पण मागाला साधारण तेवढीच एक स्प्रिंग असते. कारखान्याला सुट्टी होती त्या दिवशी मी हळूच तीन नंबरच्या मागाची एक स्प्रिंग काढली आणि तिच्या जागी गिटारीची बसवली. अदलाबदल! गिटार मागाच्या स्प्रिंगवर, माग अमेरिकन स्प्रिंगवर. गिटारीचं हँडल मात्र इतकं कडक झालं की नरसूला ते कोपरानं दाबावं लागायचं.

दुसऱ्या दिवशी माग सुरू झाले. चारी छान चालले. मी दारात उभा, तोंडावर देवळातला भाव.

नायनांची एक सवय होती. सकाळी माग सुरू झाले की ते एकेका मागाच्या चौकटीवर तळहात ठेवून क्षणभर थांबायचे, मग पुढं. एक नंबर, पुढं. दोन नंबर, पुढं. तीन नंबर... थांबले. तळहात उचलला, परत ठेवला. डोळे मिटले.

"ह्याच्यात कोनतरी परकं घुसलंय."

मग नरसूकडं न बघता सरळ माझ्याकडं वळले. "बाबू, काय बदललंस?"

मी जोरात मान हलवली. "काय न्हाय, नायना! काय न्हाय!"

नायना माझ्या ओठांकडं बघून म्हणाले, "तुझं तोंड म्हनतंय न्हाय. माग म्हनतोय हाय."

मी पळायच्या तयारीत. पण ते हसले. परत हात ठेवून बघितला. "ऱ्हाऊ दे. चालतंय बरं."

* * *

आता शेवटचं.

बार्शीला आलेल्या कुठल्याशा वादकानं गिटारीच्या पाठीवरचा नंबर टिपून मुंबईला कुणाला तरी कळवला होता. जुन्या गिटारी जमवायचा नाद असलेला एक साहेब होता. त्याचं पत्र आलं की हा नंबर फार सुरुवातीच्या मालाचा आहे, असली गिटार आता शोधून मिळत नाही, मी स्वतः येऊन घेऊन जातो.

गड्ड्याला आठ दिवस राहिले होते. आठ महिन्यांत आम्ही भोंगे लावले, पट्ट्या भरल्या, एकदा तर लाउडस्पीकर नायनांच्या खाटेखाली ठेवला. काही उपयोग नाही.

नायना पत्र ऐकून, म्हणजे नरसूच्या ओठांवरून वाचून, म्हणाले, "आठ दिसांत माझे कान काय उगवणार हायेत का? येऊ दे त्याला."

नरसूनं फडकं उचललं. पोरगा दिवसभर गिटार पुसत बसला.

साहेब सकाळच्या गाडीनं आला. इस्त्रीची पँट, खिशात भिंग. कारखान्यात चादरींच्या गठ्ठ्यावर गिटार ठेवली, नंबर बघितला आणि असा हसला जसा नातू झालाय. मग म्हणाला, "आतून बघू." मी तयारच होतो. खोलली!

साहेबाचं हसू एकेक स्क्रूनं कमी होत गेलं.

"ही वायर कुणी भरली?"

"अम्मानं."

"ही स्प्रिंग कसली?"

"तीन नंबरच्या मागाची."

"ही बटणं?"

"रेडिओची."

साहेब गठ्ठ्यावर बसला. "अहो, ह्यात मूळचं काही राहिलंय का?"

शिवलिंगप्पा पटकन म्हणाले, "हाय की! वाजवणारा!"

पण माणूस चिवट. नंबर खरा होता ना! म्हणाला, "मूळचे भाग शोधून द्या, मी जशीच्या तशी करून घेईन." झाली धावपळ सुरू. गिटारीची मूळची दोन पांढरी बटणं अम्माच्या डब्यांच्या झाकणांना मूठ म्हणून लावलेली होती. ती काढताना तिखट सांडलं, सगळा कारखाना शिंकायला लागला. ते दोन जादाचे स्क्रू भिंतीत होते, त्यांच्यावर देवाचं कॅलेंडर. कॅलेंडर उतरलं. राहिली स्प्रिंग. ती तीन नंबरच्या पोटात, आणि तीन नंबर चालू!

नरसूनं नायनांना खुणेनं विचारलं. नायनांनी मान हलवली.

"माग थांबणार न्हाय. संध्याकाळपत्तर चादरी द्यायच्यात. ह्याचा आज्जा गेला तवा पण थांबला नव्हता. साहेबाला सांग, काम संपलं की स्प्रिंग."

ते खरं होतं. नायनांचे माग दिवसा कधी थांबल्याचं आम्ही कुणी बघितलं नव्हतं. नरसूचा जन्म झाला तेव्हा म्हणे नायना मागावरचा बाणा, म्हणजे आडवं सूत, संपेपर्यंत घरात गेले नव्हते.

साहेब घड्याळाकडं बघून म्हणाला, "तोवर वाजवून तरी दाखवा."

मी गिटार परत जोडली. ह्या वेळी एकच स्क्रू उरला, म्हणजे सुधारणा होती! रफिकनं छोटा अँप्लिफायर लावला. नरसूनं सूर लावले आणि चार मागांच्या खटखटीत वाजवायला लागला. त्या दिवशी त्यानं दाखवायला वाजवलं नाही. डोळे मिटून, हळू, निरोप देतात तसं वाजवत होता. मला तर नीट ऐकूही येत नव्हतं. अम्मा दारात उभी होती. तिखटानं म्हणा, डोळे पुसत होती.

नायना आपल्या फेरीला निघाले. एक नंबरवर तळहात ठेवला, पुढं. दोन नंबर, पुढं. तीन, चार. चारच्या पुढं नरसू उभा होता. नायना चालण्याच्या ओघात तिथं आले आणि सवयीनं तळहात गिटारीच्या लाल लाकडावर ठेवला.

आणि थांबले.

हात उचलला, परत ठेवला. डोळे मिटले. नरसूनं डोळे उघडले, पण बोटं थांबवली नाहीत. शिवलिंगप्पा काहीतरी बोलायला लागले, रफिकनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला. गाणं संपेपर्यंत नायना तसेच उभे.

मग त्यांनी मागाच्या ताण्यावरून, म्हणजे उभ्या धाग्यांवरून, फिरवतात तशी बोटं सहाही तारांवरून फिरवली. चौथीवर बोट थांबलं.

"ही सैल हाय."

"न्हाय नायना, आत्ताच लावलीय."

"सैल हाय."

साहेबानं खिशातून सूर लावायची शिट्टी काढली. फुंकली, तार छेडली, कान जवळ नेला. परत फुंकली. त्याच्या भुवया वर गेल्या.

"केसभर उतरलीय," साहेब म्हणाला.

नरसूनं खुंटी पिळली, तार ताणली. नायनांनी बोट टेकवून बघितलं, मान डोलावली आणि ते वळले. एक नंबरकडं गेले, दांडा ओढला. माग थांबला. दोन नंबर थांबला. तीन. चार.

भर दिवसा कारखान्यात इतकं शांत झालं की शेजारचा कारखानदार धावत आला आणि दारातूनच विचारलं, "कोण गेलं?"

साहेब तेवढ्यात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तीन नंबरकडं निघाला होता. अम्मानं त्याचा दंड धरला आणि त्याला गठ्ठ्यावर खाली बसवलं.

नायना परत आले. धोतराला तळहात पुसला, तो लाल लाकडावर ठेवला आणि नरसूला म्हणाले,

"हं. आता वाजव."